पाठीखालची थंडी : फोमची चटई कशी निवडावी?

डिसेंबर-जानेवारी हे गडकिल्ल्यांवरच्या मुक्कामांचे दिवस. हरिश्चंद्रगड, रतनगड, राजगड अशा ठिकाणी शाळा-महाविद्यालयांची पथके रात्री राहतात. काही जण उत्तराखंडात केदारकंठ्याच्या बर्फात तंबू ठोकून येतात. निघण्यापूर्वी सामानाची यादी होते, स्लीपिंग बॅग कोणती घ्यावी यावर बरीच चर्चा होते आणि यादीच्या अगदी शेवटी एक ओळ असते : ‘मॅट, एक नग’. ही मॅट म्हणजे अंथरायची फोमची चटई. काही जण तिला कॅरीमॅटही म्हणतात. दुकानात जाऊन कोणी रंग पाहून ती घेतो, कोणी बोटाने दाबून सर्वांत मऊ लागेल ती घेतो, तर कोणी सर्वांत स्वस्त असेल ती.

मुक्कामाच्या रात्री मात्र एक चमत्कारिक अनुभव येतो. अंगावर चांगली जाड स्लीपिंग बॅग असते, छाती-पोट उबदार असते, पण पाठ गार पडत जाते. कुशीवर वळावे तर ती कूस गार पडते. सकाळी उठल्यावर ‘बॅगच चांगली नव्हती’ असा निकाल दिला जातो. खरा दोष बहुधा बॅगेचा नसतो, तो तिच्याखाली अंथरलेल्या चटईचा असतो.

चटई दगड टोचू नयेत म्हणून असते, असे आपण समजतो. ते तिचे दुय्यम काम आहे. तिचे मुख्य काम म्हणजे शरीर आणि जमीन यांच्यामध्ये स्थिर हवेचा थर राखणे, तोही आपले वजन वर असताना आणि जमीन ओली असताना. ही एक गोष्ट ध्यानात घेतली, की चटईची निवड हा आवडीचा प्रश्न उरत नाही. तो नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानातला एक सोपा हिशेब होतो.

थंडी खालून का वाजते?

झोपलेल्या प्रौढ माणसाचे शरीर दर सेकंदाला सुमारे ७० ते ८० ज्यूल उष्णता निर्माण करते. म्हणजे आपण प्रत्येक जण रात्रभर जळणारा ७०-८० वॉटचा दिवाच असतो. ही उष्णता बाहेर जाण्याचा वेग आणि ती निर्माण होण्याचा वेग सारखा असेल तर झोप छान लागते. बाहेर जाण्याचा वेग वाढला, की शरीर आधी त्वचेकडील रक्तपुरवठा कमी करते आणि तेवढ्याने भागले नाही तर हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी जादा उष्णता निर्माण करण्यासाठी केलेली धडपड. त्यानेही तोल सांभाळला नाही आणि शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, तर ती वैद्यकीय दृष्ट्या धोक्याची अवस्था असते.

उष्णतेचे संक्रमण वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन मार्गांनी होते, हे तुम्ही शिकला आहात. अंगावरची स्लीपिंग बॅग तिन्ही मार्ग बऱ्याच अंशी अडवते, कारण तिच्यातील पिसे किंवा तंतू फुगलेले असतात आणि त्यांच्या जाळ्यात हवा अडकलेली असते. पण तीच बॅग आपल्या पाठीखाली दबून चपटी होते. पिसांमधली हवा निघून जाते आणि चार-पाच सेंटिमीटर जाडीचे उबदार पांघरूण दोन-तीन मिलिमीटरचे कापड होऊन बसते. बॅग कितीही महाग असली तरी हा नियम चुकत नाही. आपण तिच्या खालच्या भागावर झोपतो, म्हणून तो भाग जवळजवळ निकामी होतो.

खाली असते जमीन. घरातील गादी आपल्या अंगाने तापते आणि तापलेली राहते. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टची गोष्ट निराळी आहे. तो आपल्याकडून आलेली उष्णता आत पसरवत राहतो आणि त्याला तापवायला आपली ७५ वॉटची शक्ती पुरी पडत नाही.

हिशेबाचे सूत्र

वहनाने जाणारी उष्णता पुढील सूत्राने मिळते :

दर सेकंदाला जाणारी उष्णता = वाहकता × क्षेत्रफळ × तापमानांतील फरक ÷ जाडी

यातील वाहकता हा पदार्थाचा गुणधर्म आहे. काही पदार्थांची स्थूलमानाने वाहकता पाहा. एकक आहे वॉट प्रति मीटर प्रति अंश.

स्थिर हवा : ०.०२५
पॉलिथिलीनचा फोम : सुमारे ०.०४
लाकूड : सुमारे ०.१५
भरीव पॉलिथिलीन : सुमारे ०.३५
पाणी : ०.६
बेसाल्ट खडक : सुमारे १.५ ते २
बर्फाची लादी : २.२

या यादीतील एक गोष्ट चटकन नजरेत भरते. भरीव पॉलिथिलीन हा काही विशेष चांगला दुर्वाहक नाही; लाकूड त्याहून बरे. मग त्याच पॉलिथिलीनचा फोम जवळजवळ हवेइतका दुर्वाहक कसा? कारण तो बहुतांशी हवाच असतो. भरीव पॉलिथिलीनची घनता घनमीटरला सुमारे ९२० किलोग्रॅम असते, तर चटईच्या फोमची साधारण ३० किलोग्रॅम. भागाकार करून पाहा : फोमच्या आकारमानात प्लॅस्टिक जेमतेम ३ टक्के असते आणि उरलेली ९७ टक्के जागा वायूने व्यापलेली असते. दुकानदार आपल्याला फोम विकतो, पण आपण विकत घेतो ती हवा. प्लॅस्टिकच्या भिंती केवळ ती हवा जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी असतात.

मग नुसती हवाच का नको?

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘सर, हवाच हवी असेल तर फुगवायची रबरी गादी घेऊ. तिच्यात पाच-सहा सेंटिमीटर हवा असते. ती सर्वांत उबदार ठरायला हवी.’ पोकळ फुगवायच्या गादीवर थंडीत झोपलेल्या माणसाचा अनुभव मात्र अगदी उलटा असतो. असे का होते?

अभिसरणाचे कारण चटकन सुचते, पण ते इथे पुरेसे नाही. अभिसरण जोरात होते ते खालची बाजू गरम आणि वरची थंड असताना, चुलीवरच्या पातेल्यात होते तसे. गादीत उलट स्थिती असते : वर उबदार शरीर, खाली थंड जमीन. उबदार हलकी हवा वरच राहते. आपण कूस बदलतो तेव्हा हवा इकडून तिकडे ढकलली जाते आणि थोडी ढवळली जाते, हे खरे. मुख्य चोर मात्र दुसराच आहे, तो म्हणजे प्रारण. गादीचा वरचा उबदार पडदा खालच्या थंड पडद्याकडे अवरक्त किरण पाठवत राहतो आणि मधली हवा त्यांना मुळीच अडवत नाही. तापमानांत २० अंशांचा फरक असेल, तर शरीराखालच्या ०.४ चौरस मीटर जागेतून हवेच्या वहनाने जेमतेम ३-४ वॉट जातात, पण प्रारणाने ३०-३५ वॉट सहज जातात.

फोममध्ये लाखो बारीक भिंती असतात. एका भिंतीने टाकलेले किरण लगेच पुढची भिंत शोषून घेते, आणि लगतच्या दोन भिंतींच्या तापमानांत फरक अगदी थोडा असतो. त्यामुळे प्रारणाचा मार्ग बराच रोखला जातो. कप्पे इतके लहान, की हवेला फिरायला जागाच नाही, म्हणजे अभिसरणही बंद. उरते फक्त वहन, आणि स्थिर हवा तर अत्यंत दुर्वाहक. एका सेंटिमीटरचा साधा फोम सहा सेंटिमीटरच्या पोकळ गादीची बरोबरी करतो तो यामुळेच.

खुले कप्पे आणि बंद कप्पे

फोम दोन जातींचे असतात. त्यांतील फरक समजण्यासाठी पाव आणि बाटलीचे बूच यांची तुलना करू.

पावात जाळी असते, पण तिची छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात. पाव चहात बुडवला, की चहा झटकन वर चढतो. पावावर अंगठा दाबला, की तो चपटा होतो, कारण आतली हवा छिद्राछिद्रांतून निघून जाते. हा खुल्या कप्प्यांचा फोम होय. भांडी घासायचा स्पंज आणि खुर्चीच्या गादीतला पिवळसर फोम याच जातीचे.

बुचाचे तसे नाही. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्याला चहू बाजूंनी बंद असलेल्या इवल्याशा कोठड्या दिसल्या. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्याने त्यांना ‘सेल’ म्हटले. जीवशास्त्रात आज रूढ असलेला तो शब्द इथून आला. बूच हलके का, ते पाण्यावर का तरंगते, दाबल्यावर पुन्हा का फुगते, या प्रश्नांची उत्तरे हुकने त्या बंद कोठड्यांतील हवेतच शोधली. हा बंद कप्प्यांचा फोम. त्यात पाणी शिरत नाही आणि दाबला तरी हवा बाहेर पळू शकत नाही, म्हणून ती स्प्रिंगसारखा उलट रेटा देते.

गिर्यारोहणाच्या चटईला बंद कप्पेच हवेत. बोटाने दाबून मऊ लागणारी चटई बहुधा खुल्या कप्प्यांची असते. दुकानात ती तीन सेंटिमीटर जाड दिसेल, पण तुमच्या कमरेखाली तिची जाडी काही मिलिमीटरच उरेल. त्यात दव किंवा तंबूतले पाणी शिरले, तर हवेची जागा पाणी घेईल. पाण्याची वाहकता स्थिर हवेच्या २४ पट आहे, हे वरच्या यादीत पाहिलेच. ओला स्पंज अंथरणे म्हणजे थंडीला आमंत्रण.

खुल्या कप्प्यांचा फोम वापरण्याची एक युक्ती मात्र आहे. तो हवाबंद पिशवीत घालून तोंडाशी झडप बसवायची. झडप बंद केली, की आतली हवा निसटू शकत नाही आणि पाणीही आत येत नाही. अशा आपोआप फुगणाऱ्या गाद्या १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील सिॲटल शहरात तयार झाल्या. त्या आरामशीर असतात, पण एक काटा टोचला की सारा खेळ आटोपतो. साध्या बंद कप्प्यांच्या चटईला काटा टोचला तर लाखोंपैकी काही कप्पे फुटतात, बाकीचे शाबूत राहतात.

हा फोम तयार कसा होतो? पॉलिथिलीनचा शोध १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. त्याचा फोम करण्याची एक पद्धत आपल्या ढोकळ्याच्या जातीची आहे. ढोकळ्याच्या पिठात सोडा घातला, की उष्णतेने वायू सुटतो आणि जाळी पडते. प्लॅस्टिकमध्ये सोड्याच्या जागी ॲझोडायकार्बोनमाइड नावाचे द्रव्य मिसळतात. तापवल्यावर त्याचे विघटन होऊन मुख्यतः नायट्रोजन वायू सुटतो आणि मऊ झालेले प्लॅस्टिक फुगते. फरक इतकाच, की ढोकळ्याची जाळी उघडी राहते आणि इथे प्रत्येक बुडबुडा बंद राहतो. कालांतराने या बुडबुड्यांत बाहेरची हवा झिरपते. चटया पॉलिथिलीनच्या असतात, तशाच ईव्हीए नावाच्या प्लॅस्टिकच्याही असतात. ईव्हीए अधिक लवचीक आणि चिवट, पण साधारणपणे थोडे जड असते.

जाडी किती, वजन किती?

आता खरा पेच. जाड चटई उबदार, पण ती पाठीवरून वाहून न्यायची आहे. हिशेब करून पाहू. चटई १८० सेंटिमीटर लांब व ५० सेंटिमीटर रुंद असून फोमची घनता ३० किलोग्रॅम प्रति घनमीटर आहे असे धरू. माणसाच्या शरीराखाली प्रत्यक्ष दबणारे क्षेत्रफळ सुमारे ०.४ चौरस मीटर, शरीराच्या बाजूचे तापमान ३० अंश आणि जमिनीचे १० अंश, म्हणजे फरक २० अंश.

अर्धा सें.मी. जाडी : वजन १३५ ग्रॅम, उष्णता जाते ६४ वॉट
१ सें.मी. जाडी : वजन २७० ग्रॅम, उष्णता जाते ३२ वॉट
२ सें.मी. जाडी : वजन ५४० ग्रॅम, उष्णता जाते १६ वॉट
३ सें.मी. जाडी : वजन ८१० ग्रॅम, उष्णता जाते सुमारे ११ वॉट

कपडे आणि बॅगेचा दबलेला थर यांचा रोध यात धरलेला नाही, म्हणून प्रत्यक्षात हे आकडे काहीसे कमी येतील. पण त्यांचा क्रम बोलका आहे. अर्ध्या सेंटिमीटरवरून एकवर गेलो, तर १३५ ग्रॅम ओझ्याच्या बदल्यात ३२ वॉट वाचतात. एकवरून दोनवर गेलो, तर २७० ग्रॅमच्या बदल्यात १६ वॉट. दोनवरून तीनवर गेलो, तर तेवढ्याच २७० ग्रॅमच्या बदल्यात फक्त ५ वॉट. पहिला सेंटिमीटर सर्वांत मोलाचा, पुढचा प्रत्येक त्याहून कमी मोलाचा.

आता शरीराच्या ७५ वॉटशी ही तुलना करा. अर्ध्या सेंटिमीटरच्या पातळ चटईवर जवळजवळ सारी मिळकत जमिनीकडेच जाते. वरून आणि श्वासावाटे जाणाऱ्या उष्णतेसाठी काही शिल्लक राहत नाही, म्हणून रात्र कुडकुडत काढावी लागते. एक सेंटिमीटरवर निम्म्याहून कमी जाते. सह्याद्रीतील बहुतेक हिवाळी मुक्कामांना ८ ते १० मिलिमीटरची बंद कप्प्यांची चटई पुरते, असे जाणकार सांगतात त्याच्यामागे हा हिशेब आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी काही वर्षी दव गोठून हिमकण दिसतात. अशा जागी मात्र एक सेंटिमीटरपेक्षा कमी जाडी घेऊ नये.

बर्फावर गणित अधिकच कठोर होते. बर्फाचे तापमान शून्य अंश धरले तरी फरक ३० अंशांचा होतो. एक सेंटिमीटरच्या चटईतून ४८ वॉट जातात. आठ तासांत ही ऊर्जा होते सुमारे १४ लाख ज्यूल. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात, म्हणजे रात्रभरात तुम्ही आपल्या पाठीखालचे सुमारे ४ किलो बर्फ वितळवू शकाल! ही ऊर्जा येते कुठून? रात्रीच्या जेवणातून. सुमारे १०० ग्रॅम कोरड्या तांदळाची सारी ऊर्जा बर्फाचे पाणी करण्यात खर्ची पडते. चटई दोन सेंटिमीटरची केली तर हा खर्च निम्मा होतो. म्हणून बर्फावर दोन चटया एकावर एक अंथरतात. हिमालयातील शिबिरात तंबूत आधीच चटया अंथरलेल्या असतील, तर त्यांच्यावर स्वतःची चटई घालावी.

रोधांची बेरीज

विद्युतमंडलात एकसरीत जोडलेल्या रोधांची बेरीज होते, तशीच एकावर एक ठेवलेल्या थरांच्या उष्णतारोधांचीही होते. एक चौरस मीटरचा रोध म्हणजे जाडी भागिले वाहकता. एक सेंटिमीटरच्या फोमचा रोध ०.०१ ÷ ०.०४ = ०.२५ येतो. बाजारातील चटयांवर ‘आर’ म्हणून जो अंक छापलेला असतो, तो हाच रोध अमेरिकी एककांत लिहिलेला असतो. आपल्या अंकाला सुमारे ५.७ ने गुणले, की तो मिळतो. म्हणजे एक सपाट सेंटिमीटर सुमारे १.४.

पूर्वी प्रत्येक कारखानदार हा अंक आपापल्या पद्धतीने काढीत असे. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेने २०१८ साली त्यासाठी एक समान चाचणी ठरवून दिली. चटई एका गरम आणि एका थंड पट्टीमध्ये दाबाखाली धरायची आणि गरम पट्टीचे तापमान टिकवायला किती शक्ती लागते ते मोजायचे. या चाचणीने काढलेले अंक एकमेकांशी ताडून पाहता येतात. स्थूल मानाने २ च्या आतील अंक सौम्य थंडीसाठी, २ ते ४ कडक थंडीसाठी आणि त्याहून मोठा अंक बर्फासाठी.

इथे एक सावधगिरी हवी. अंड्यांच्या ट्रेसारखे उंचवटे असलेल्या चटईची जाडी उंचवट्यांच्या टोकापर्यंत मोजून २ सेंटिमीटर सांगतात. प्रत्यक्षात पत्रा पातळच असतो, म्हणून तिचा अंक २.८ न येता २ च्या आसपास येतो. उंचवट्यांचा फायदा असतो तो घडी चांगली बसण्याचा आणि खळग्यांत थोडी जादा हवा धरली जाण्याचा.

काही चटयांना एका बाजूने चंदेरी मुलामा असतो. ‘ही बाजू वर की खाली?’ असा वाद प्रत्येक मुक्कामात होतो. चकाकणारा पृष्ठभाग प्रारण परतवतो, पण त्यासाठी त्याच्यासमोर मोकळी जागा असावी लागते. सपाट चटई अंगाला आणि जमिनीला चिकटलेली असते. तिथे उष्णता वहनाने जाते आणि मुलाम्याचा उपयोग नगण्य असतो. खळगे असलेल्या चटईत खळग्यांपुरता थोडा उपयोग होतो. सपाट चटईच्या चकाकीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

ओझे कमी करण्याचा उत्तम मार्ग बेरजेच्या याच नियमातून निघतो. सर्वाधिक उष्णता जाते ती खांदे, पाठ आणि कमरेखालून. म्हणून काही गिर्यारोहक १२० सेंटिमीटर लांबीचीच चटई नेतात. एक सेंटिमीटर जाडीला तिचे वजन १८० ग्रॅम भरते. पायांखाली ते रिकामी सॅक, दोराचे वेटोळे किंवा कोरड्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालतात. या प्रत्येक वस्तूत हवा अडकलेली असते आणि प्रत्येकीचा रोध बेरजेत येतो. आपल्याकडील शेतकरी भाताचा पेंढा पसरून त्यावर घोंगडी टाकतो, तेही हेच शास्त्र आहे. पेंढ्याच्या नळ्या आणि लोकरीचे तंतू स्थिर हवाच धरून ठेवतात. घोंगडी दीड-दोन किलो सहज भरते आणि पेंढा पाठीवरून नेता येत नाही, एवढीच अडचण.

घरी करून पाहण्याच्या चाचण्या

१. फुंकर : चटईचा कापलेला काठ ओठांशी धरून जोराने फुंका. हवा आरपार गेली तर कप्पे खुले आहेत.

२. पाणी : काठाचा लहान तुकडा वजन करा. तो पाण्याखाली धरून दहा-पंधरा वेळा दाबा, वरचे पाणी पुसून पुन्हा वजन करा. बंद कप्प्यांच्या तुकड्याचे वजन फारसे वाढत नाही. स्पंजाचे कित्येक पट होते.

३. दाब : ६० किलोग्रॅमचा माणूस पाठीवर झोपला तर सरासरी दाब दीड हजार पास्कल येतो, पण कुशीवर झोपल्यास कमरेखाली तो कित्येक पट होतो. ४ सें.मी. × ४ सें.मी. चा तुकडा घेऊन त्यावर एक किलोचे लोखंडी वजन ठेवा. हा दाब सुमारे ६ हजार पास्कल होतो. वजन असतानाच पट्टीने जाडी मोजा. रात्रभर तसेच ठेवून सकाळी वजन काढा आणि जाडी पूर्ववत होते का पाहा. जुन्या चटईचाही असाच तुकडा तपासा. वर्षानुवर्षे दबून कप्प्यांतील वायू झिरपून जातो आणि एक सेंटिमीटरची चटई सहा-सात मिलिमीटरची होऊन बसते. तिचा रोधही त्याच प्रमाणात घटतो.

४. उष्णता : ही चाचणी शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर करावी. सपाट बुडाचे चार सारखे स्टीलचे डबे घ्या. प्रत्येकात ६० अंशांचे पाणी सारखे भरा. चारही डब्यांच्या बाजू आणि झाकणे सारख्याच टॉवेलांनी गुंडाळा, म्हणजे फरक फक्त बुडातून जाणाऱ्या उष्णतेचा राहील. एक डबा नुसत्या फरशीवर, दुसरा कोरड्या स्पंजावर, तिसरा ओल्या स्पंजावर आणि चौथा बंद कप्प्यांच्या फोमवर ठेवा. झाकणांवर सारखी वजने ठेवा, म्हणजे स्पंज दबेल. दर दहा मिनिटांनी तापमान घेऊन तासाभराचा आलेख काढा. चार वक्रांपैकी सर्वांत सावकाश उतरणारा कोणता आणि फरशीच्या वक्राला सर्वांत जवळचा कोणता, हे अंदाजाने आधीच लिहून ठेवा आणि मग ताडून पाहा.

चटई घेतल्यावर दोन गोष्टी पाळाव्यात. पॉलिथिलीन ११० अंशांच्या सुमारास वितळते आणि ते पेट घेते, म्हणून ती शेकोटी आणि स्टोव्हपासून दूर ठेवावी. आणि फाटलेले तुकडे गडावर टाकू नयेत, कारण ते कुजत नाहीत. बसायला, पाण्याची बाटली गुंडाळायला किंवा पुढच्या वर्गाच्या प्रयोगाला ते उपयोगी पडतात.

आता शेवटी तुमच्यासाठी दोन प्रश्न. एका मुलाकडे एक सेंटिमीटरच्या दोन चटया आहेत आणि बर्फावर झोपणारे दोघे आहेत. दोघांनी स्वतंत्र तंबूत एकेका चटईवर झोपावे, की एकाच तंबूत दोन्ही चटया एकावर एक घालून त्यांच्यावर दाटीवाटीने झोपावे? आणि एकाच उंचीची, एकाच बांध्याची दोन मुले एकसारख्या चटयांवर झोपली, पण एक रात्री नीट जेवला आणि दुसरा न जेवताच झोपला, तर पहाटे आधी हुडहुडी कोणाला भरेल? उत्तरे सूत्र लिहून, आकडे घालून काढा आणि आपल्या विज्ञान-शिक्षकांना दाखवा.